फोन बदलायचा की अपडेट करायचा? आधी पॅचची तारीख बघा

पुढे वाचण्याआधी एक काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोनबद्दल' हा पर्याय उघडा. काही फोनांत तो सगळ्यात खाली असतो, तर शाओमी, ओप्पो, रियलमीच्या फोनांत बहुधा वरच सापडतो. आत 'अँड्रॉइड आवृत्ती' किंवा 'सॉफ्टवेअर माहिती' यावर टॅप केलं की 'सुरक्षा पॅच' किंवा 'सुरक्षा अपडेट' अशी एक ओळ आणि तिच्यासमोर तारीख दिसेल. पॅच म्हणजे फोनच्या यंत्रणेतल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी दुरुस्ती. ती तारीख लिहून घ्या. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन आयओएसचा आकडा टिपून ठेवा.

फोन जुना झाला का, हे ठरवताना बहुतेक जण बिलाची तारीख बघतात. पण पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या एखाद्या फोनला गेल्या महिन्याचा पॅच मिळालेला असतो, आणि दिवाळीच्या सेलमध्ये नवाकोरा घेतलेला फोन पॅचच्या हिशोबाने दीड वर्ष मागे असतो. दुसरा जास्त जुना समजायला हवा. फोन ठेवायचा की बदलायचा, बदलायचा तर कोणता आणि कधी, या सगळ्याची सुरुवात या एका तारखेपासून होते.

अपडेट म्हणजे नक्की काय काय

'अपडेट आलाय' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे सुरक्षा पॅच. 2015 च्या जुलैत अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. नुसता एक खास बनवलेला एमएमएस पाठवून कुणाच्याही फोनमध्ये शिरता येत होतं, समोरच्याने तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला त्रुटींची यादी आणि त्यावरचे पॅच द्यायला सुरुवात केली. तुमच्या फोनवर दिसणारी तारीख त्याच यादीची. ती महिन्याच्या 1 किंवा 5 तारखेची असते. 1 म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या त्रुटी बुजवल्या, 5 म्हणजे त्याशिवाय प्रोसेसर, मोडेम वगैरे भागांशी निगडित त्रुटीही बुजवल्या. पॅचने फोनचं रूप बदलत नाही, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. तेच करू नये.

दुसरा मोठा अपडेट, म्हणजे अँड्रॉइड 14 वरून 15 वर जाणं. सोबत कंपनीचा स्वतःचा पोशाखही बदलतो: सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपरओएस, ओप्पोचा कलरओएस. हा दोन ते चार जीबीचा असू शकतो. तिसरा गूगल प्ले सिस्टम अपडेट. अँड्रॉइड 10 पासून यंत्रणेचे काही भाग कंपनीची वाट न बघता गूगल थेट दुरुस्त करतं. त्याची तारीख वेगळी दिसते, आणि तो पॅचची जागा घेऊ शकत नाही. राहिले ॲप्सचे अपडेट, ते प्ले स्टोअरमधून येतात आणि फोनच्या वयाशी त्यांचा फारसा संबंध नसतो.

तारीख काय सांगते

तारीख गेल्या तीन महिन्यांतली असेल तर काळजी नाही. सगळ्या फोनांना पॅच दर महिन्याला येत नाही. सॅमसंगने तर आपल्या फोनांची मासिक, तिमाही आणि सहामाही अशी यादीच जाहीर केलेली असते. स्वस्त फोन बहुधा तिमाहीत असतात आणि म्हातारे झाले की सहामाहीत सरकतात. तुमचं मॉडेल सहामाही यादीत गेलं, तर निवृत्ती जवळ आली असं समजा.

तीन महिने ते वर्ष यांच्या मधली तारीख असेल तर आधी हाताने अपडेट शोधा. पुष्कळदा अपडेट येऊन पडलेला असतो, जागा नाही म्हणून उतरलेला नसतो, किंवा रोज 'नंतर' दाबून आपणच तो टाळलेला असतो.

वर्षापेक्षा जुनी तारीख असेल आणि शोधूनही नवा अपडेट मिळत नसेल, तर कंपनीने हात काढून घेतल्याची शक्यता मोठी. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. बँकांची ॲप्स फोन विश्वासार्ह आहे का, हे गूगलच्या एका तपासणीतून विचारू शकतात. अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनांवर त्या तपासणीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळायला मे 2025 पासून गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागतो.

'पण व्हॉट्सॲप तर चालतंय ना' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. जानेवारी 2025 मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 4.4 चा आधार काढला आणि 5.0 पुढे चालू ठेवलं. अँड्रॉइड 5.0 ही 2014 ची आवृत्ती. त्या फोनला कित्येक वर्षांत एकही पॅच मिळालेला नसतो. ॲप चालणं आणि फोन सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती वर्षं अपडेट मिळणार, हे कसं मोजायचं

इथे एक चूक फार जणांकडून होते. कंपनी 'चार वर्षं अपडेट' म्हणते तेव्हा ती वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून मोजायची नसतात. मॉडेल बाजारात पहिल्यांदा आलं त्या महिन्यापासून घड्याळ सुरू होतं. सेलमध्ये स्वस्त मिळणारा फोन दीड वर्षापूर्वीचा असेल, तर ती दीड वर्षं आधीच संपलेली आहेत.

काही ठरलेली उदाहरणं सांगतो. गूगलच्या पिक्सेल 8 पासून (ऑक्टोबर 2023) आणि सॅमसंगच्या गॅलक्सी एस24 पासून (जानेवारी 2024) सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्तातल्या गॅलक्सी ए16 5जी लाही सहा वर्षांचं आहे. उलट अनेक स्वस्त फोनांना अँड्रॉइडची एखादीच नवी आवृत्ती आणि तीन वर्षं पॅच एवढंच मिळतं. ॲपल आधी आकडा सांगत बसत नाही, पण अनुभव चांगला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आलेला आयओएस 26 हा 2019 च्या आयफोन 11 वर चालतो. 2018 चा आयफोन एक्सआर आयओएस 18 वर थांबला, तरी त्यालाही सुरक्षा पॅच त्यानंतर मिळत राहिले.

आता पैशांचा हिशोब मांडून बघा. 12,000 रुपयांचा फोन, तीन वर्षं पॅच, पण मॉडेल वर्षभर जुनं. हातात राहिली दोन वर्षं, म्हणजे वर्षाला 6,000 रुपये. दुसरा फोन 18,000 चा, सहा वर्षं पॅच, सहा महिन्यांपूर्वी आलेला. राहिली साडेपाच वर्षं. मध्ये एकदा बॅटरी बदलायला 2,000 धरले तरी वर्षाला साधारण 3,600 रुपये पडतात. दुकानात स्वस्त वाटलेला फोन असा महाग निघतो. दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल, बॅटरीचा आकडा सांगेल, पण हा भागाकार तुम्हालाच करावा लागेल.

अपडेट करण्याची रीत

सुरक्षा पॅच आला की आठवड्याभरात घालून टाका. मोठ्या अपडेटला मात्र दोन-तीन आठवडे थांबा. तेवढ्या काळात तुमच्याच मॉडेलवर काही बिघडत असेल तर बोभाटा होतो, आणि कंपनी दुरुस्तीचा छोटा अपडेट पाठवते. आयफोनलाही हेच लागू. शेजाऱ्याच्या तशाच फोनवर अपडेट आला आणि तुमच्यावर नाही, तरी घाबरू नका. कंपन्या आधी थोड्या फोनांना पाठवून बघतात, मग हळूहळू सगळ्यांना देतात.

1. वेळ निवडा. दुसऱ्या दिवशी परीक्षा, प्रवास किंवा लग्न असेल तर आज नको. शनिवारची संध्याकाळ चांगली, काही बिघडलं तर रविवार हातात असतो.

2. बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, बॅकअप असं जाऊन 'आता बॅकअप घ्या' दाबा. त्यात व्हॉट्सॲप येत नाही. ते उघडून सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप इथून वेगळा घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर तो तुमच्या गूगल खात्याच्या 15 जीबी मोफत जागेतून वजा होतो. जागा भरली असेल तर बॅकअप महिनोन्महिने झालेलाच नसतो, म्हणून त्याच पानावर वर लिहिलेली शेवटच्या बॅकअपची तारीख नक्की वाचा.

3. जागा करा. मोठ्या अपडेटसाठी किमान 8 ते 10 जीबी मोकळी हवी. फाइल 3 जीबीची असली तरी ती उलगडायला आणि ॲप्स नव्याने मांडायला जास्त जागा लागते. सगळ्यात जलद उपाय व्हॉट्सॲपमध्ये आहे: सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, मग 'स्टोरेज व्यवस्थापित करा'. सुप्रभातची चित्रं आणि लग्नाचे व्हिडिओ मिळून पाच-सात जीबी सहज निघतात.

4. चार्जिंग 50 टक्क्यांच्या वर ठेवा आणि शक्यतो चार्जर लावून ठेवा. कव्हर काढा, फोन उशीवर किंवा गादीवर ठेवू नका. डाउनलोड आणि उलगडणं यात प्रोसेसर बराच वेळ राबतो, आणि उष्णता हा बॅटरी व स्क्रीन दोघांचाही शत्रू आहे. उन्हाळ्यात भर दुपारी करण्यापेक्षा रात्री करा.

5. वाय-फाय नसेल आणि रोजचा दीड जीबीचा पॅक असेल, तर डाउनलोड दोन-तीन रात्रींत होऊ द्या. मध्ये थांबवून पुन्हा सुरू करता येतं. वीज जाऊन राउटर बंद पडला तरी नुकसान नाही, डाउनलोड नंतर तिथूनच पुढे सरकतं.

6. आता सेटिंग्जमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' उघडा. कुठे तो थेट यादीत असतो, कुठे 'सिस्टम' किंवा 'फोनबद्दल' यात. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. डाउनलोड करा, मग इंस्टॉल करा.

7. नव्या पद्धतीच्या फोनांत जुनी यंत्रणा चालू असतानाच दुसऱ्या कप्प्यात नवी मांडली जाते. शेवटी फक्त रीस्टार्ट होतो, आणि नवी सुरू झाली नाही तर फोन जुन्यावर परत येतो. ज्या फोनांत हे नाही, जसे सॅमसंगचे 2024 च्या आधीचे फोन, ते इंस्टॉल होताना दहा-वीस मिनिटं काहीच करू देत नाहीत. या वेळात बटणं दाबू नका, चार्जर ओढू नका. एकाच टक्क्यावर अडकल्यासारखा वाटला तरी निदान तासभर वाट बघा.

8. सुरू झाल्यावर प्ले स्टोअरमधली सगळी ॲप्स अपडेट करा, मग एकदा रीस्टार्ट करा. आणि पॅचची तारीख बदलली का, तेही बघा.

यंत्रणेचा खरा अपडेट फोनच्या सेटिंग्जमधूनच येतो. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल, मग ती 'सिस्टम अपडेट' नावाची असो, वाहतूक चलानाची, पीएम किसानची किंवा बँकेच्या केवायसीची, उघडायची नाही. त्यात एसएमएस वाचून ओटीपी चोरणारं ॲप असतं. चुकून घातलंच तर लगेच फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

अपडेटनंतर काय बिघडतं आणि का

*फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते.* पहिले दोन-तीन दिवस हे व्हायचंच. नव्या यंत्रणेसाठी प्रत्येक ॲप पुन्हा जुळवलं जातं, गॅलरीतले फोटो नव्याने तपासले जातात, आणि हे सगळं पडद्यामागे चालतं. रात्रभर चार्जिंगला लावून वाय-फायवर ठेवा, काम लवकर उरकतं. आठवड्यानंतरही तसंच असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराची यादी बघा, बहुधा एखादंच ॲप गुन्हेगार निघतं.

*ॲप्स उघडताच बंद पडतात.* प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' आणि 'क्रोम' शोधून दोन्ही अपडेट करा. मार्च 2021 मध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष आवृत्तीमुळे जगभरच्या फोनांवर ॲप्स अशीच कोसळत होती आणि उपायही हाच ठरला. त्याने भागलं नाही तर त्या ॲपची कॅशे (तात्पुरत्या फाइली) पुसा. 'डेटा पुसा' मात्र विचार करूनच दाबा, त्याने ॲपमधलं लॉगिन आणि माहिती जाते.

*कॉल लागत नाहीत, इंटरनेट मात्र चालतं.* सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी (4जी वरून कॉल करण्याची सोय) बंद झालंय का ते बघा. जिओचं जाळं फक्त 4जी आणि 5जी चं, म्हणून तिथे व्होल्टी बंद म्हणजे साधा कॉलच बंद. तरी जमलं नाही तर 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा'. वाय-फायचे पासवर्ड पुन्हा घालावे लागतील, ब्लूटूथची साधनं पुन्हा जोडावी लागतील, पण फोटो किंवा ॲप्स जात नाहीत.

*फोन लोगोवर अडकला.* अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा ते वीस सेकंद दाबून धरा. आयफोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण ॲपलचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवा.

*स्क्रीनवर हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली.* 'अपडेट केला आणि लाइन आली' अशा तक्रारी भारतात 2023 पासून पुष्कळ झाल्या. रेघ हा ॲमोलेड पडद्याच्या जोडणीतला दोष, फॅक्टरी रीसेटने ती जात नाही. रीसेट करून डेटा घालवू नका, थेट अधिकृत सेवा केंद्रात जा. वॉरंटी संपलेली असली तरी विचारा. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांचे पडदे वॉरंटीनंतरही मोफत बदलून दिले आहेत.

*जुनी आवृत्तीच बरी होती.* फॅक्टरी रीसेटने जुनी आवृत्ती परत येत नाही, नवीच कोरी होऊन सुरू होते. मागे जाण्याची वाट कंपन्यांनी बहुतेक बंद ठेवलेली असते. ॲपल तर नवा अपडेट आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्याला मान्यता देणं थांबवतं. रस्त्यावरच्या दुकानात फ्लॅश करून, म्हणजे जुनी यंत्रणा फोनमध्ये पुन्हा भरून देणारे असतात, पण त्यात डेटा नक्की जातो आणि उलट मागे जायला मनाई असलेल्या फोनची वीट होऊ शकते, म्हणजे तो सुरूच होत नाही.

मग कमी रॅमच्या फोनवर शेवटचा मोठा अपडेट टाळावा का? आमचं मत, टाळू नये. अँड्रॉइडच्या जगात पुढचे पॅच बहुधा नव्या आवृत्तीवरच येतात. मोठा अपडेट नाकारला की पॅचही थांबतात, आणि मग जो वेग वाचवला तो असुरक्षित फोनवरचा वेग ठरतो.

फोन मंद झालाय म्हणून बदलताय? आधी तीन गोष्टी तपासा

पहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्जच्या आवर्तनांनी झिजते. ॲपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 आवर्तनांनंतर आणि आयफोन 15 पासूनच्या 1,000 आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के राहतात. झिजलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. म्हणून 25-30 टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडतो, किंवा तसं होऊ नये म्हणून यंत्रणाच प्रोसेसरचा वेग उतरवते. आयफोनवर 'बॅटरी हेल्थ', सॅमसंगवर सॅमसंग मेंबर्स ॲपमधली निदान चाचणी हे बघून घ्या. 80 टक्क्यांखाली असेल तर अधिकृत केंद्रात बॅटरी बदला. बऱ्याच अँड्रॉइड फोनांना साधारण एक ते अडीच हजार रुपयांत हे होतं आणि फोनला दोन वर्षं मिळतात. मागचं झाकण उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग ताबडतोब थांबवा, झाकण दाबून बसवू नका.

दुसरी जागा. स्टोरेज 85-90 टक्क्यांच्या वर भरलं की लिहिण्याचा वेग घसरतो. 64 जीबीच्या फोनमध्ये यंत्रणाच पंधरा-वीस जीबी खाते, बाकीचं वर्षभरात भरतं. पंधरा जीबी मोकळे करून दोन दिवस वापरून बघा, मगच मत बनवा.

तिसरं एखादं ॲप. पॉवर मेनूमधला बंद करण्याचा पर्याय बराच वेळ दाबून धरला की बहुतेक अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये जाऊ देतात. त्यात फक्त मूळची ॲप्स चालतात. तिथे फोन चपळ वाटला तर दोष तुम्ही घातलेल्या एखाद्या ॲपचा आहे, फोनचा नाही.

तिन्ही करूनही फोन रांगत असेल आणि त्यात ईएमएमसी प्रकारचं (जुन्या पद्धतीचं, हळू) स्टोरेज आणि 3-4 जीबी रॅम असेल, तर त्याला उपाय नाही. आणि पॅच बंद झालेला फोन असेल तर तो वेगवान असला तरी पैशांच्या व्यवहारातून काढायलाच हवा. या दोनच कारणांसाठी फोन बदलावा असं आम्ही मानतो. बाकी नवा रंग, थोडा बरा कॅमेरा हा हौसेचा भाग, तो खिशाप्रमाणे ठरवा.

नवा घेताना

रॅम किमान 6 जीबी, परवडत असेल तर 8. खोक्यावरचं '8 + 8 जीबी' यातलं दुसरं 8 म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरणं, ते मोजू नका. स्टोरेज 128 जीबी आणि यूएफएस प्रकारचं (ईएमएमसीपेक्षा वेगवान) घ्या. ईएमएमसी असलेला फोन कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. पाच-सहा वर्षं पॅच मिळणारा फोन ईएमएमसीवर तेवढी वर्षं सुसह्य राहत नाही.

5जी चे बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते सिग्नलचे पट्टे, बघा. भारतात एन78 हवाच. जिओचं 5जी स्वतंत्र पद्धतीचं, म्हणजे 4जी च्या आधाराशिवाय चालणारं आहे आणि 700 मेगाहर्ट्झवरही चालतं, त्यासाठी एन28 असावा. घरात आणि गावाकडे आत शिरणारं सिग्नल याच बँडचं.

परदेशातून कुणी फोन आणत असेल तर एक गोष्ट विचारून ठेवा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन 14 आणि पुढच्या फोनांत सिमचा ट्रे नसतो, फक्त ईसिम (फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम) चालतं. शिवाय तो एखाद्या कंपनीच्या जाळ्याशी बांधलेला नसावा.

पैसे देण्याआधी, विशेषतः जुना फोन घेताना, *#06# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघा आणि खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा आणि 15 आकडी आयएमईआय असा एसएमएस 14422 वर पाठवा. चोरीचा म्हणून अडवलेला किंवा नकली आयएमईआय असेल तर उत्तरात कळतं. संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. बिलावर आयएमईआय लिहून घ्या. फोनची वॉरंटी वर्षाची असली तरी चार्जर आणि बॅटरीची बहुधा सहाच महिन्यांची असते, तीही वाचून घ्या.

नव्या फोनवर जाण्याचा क्रम

क्रम चुकला की लोक अडकतात, म्हणून असा करा.

1. नवा फोन सुरू केल्या केल्या सगळे अपडेट घाला. खोक्यातला फोन कित्येक महिन्यांच्या जुन्या पॅचवर असतो.

2. सुरुवातीलाच 'जुन्या फोनवरून कॉपी करा' हा पर्याय येतो तेव्हा तो वापरा. केबलने जोडलं तर वाय-फायपेक्षा लवकर होतं.

3. व्हॉट्सॲप: अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट, 'चॅट ट्रान्सफर करा' असं जाऊन नव्या फोनवर दिसणारा क्यूआर कोड स्कॅन करा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं तर आयफोन पहिल्यांदा मांडतानाच 'मूव्ह टू आयओएस' ॲपने करा, नंतर ती वाट बंद होते.

4. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं) ॲप असेल तर त्यातली खाती जुना फोन हातात असतानाच हलवा. हे विसरलं की पुढचे काही दिवस ईमेलमध्ये शिरण्यासाठी धावपळ होते.

5. यूपीआय सगळ्यात शेवटी. सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. त्यासाठी रिचार्ज चालू हवा आणि दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेलंच निवडायला हवं. पिन जुनाच चालतो. नव्या फोनवर पहिले 24 तास साधारण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात, तेव्हा भाडं किंवा शाळेची फी त्या दिवशी ठेवू नका.

साध्या सिमवरून ईसिमवर जाणार असाल तर आणखी काळजी घ्या. सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद राहतात. त्या वेळात यूपीआयची पडताळणीही होत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही. आधी ईसिम करून घ्या, एक दिवस जाऊ द्या, मग यूपीआय मांडा. खिशात थोडी रोख ठेवा.

जुना फोन

आठवडाभर पुसू नका. काही ना काही राहिलेलं आठवतंच: एखादी रेकॉर्डिंग, नोट्स, डाउनलोडमधली कागदपत्रं. त्यानंतर आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा, आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलं तर फोन पुढच्या माणसाला जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

पॅच बंद झालेला फोन घरात ठेवायचा असेल तर त्यावर बँक, यूपीआय आणि मुख्य ईमेल नको. वेगळं गूगल खातं घालून गाणी, रेडिओ किंवा मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ एवढ्यापुरता तो वापरा. आजी-आजोबांना मात्र तो देऊ नका. फसवणुकीच्या एपीके फाइली उघडल्या जाण्याची भीती त्यांच्याच फोनवर जास्त असते, त्यामुळे घरातला सगळ्यात ताज्या पॅचचा फोन त्यांच्याकडे असायला हवा. अगदीच मोडीत काढायचा असेल तर कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. फुगलेल्या बॅटरीचा फोन असेल तर तो चार्ज न करता, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून, शक्य तितक्या लवकर तिथे पोचवा.